तो व्हिडिओ गेम माळ्यावरच राहू द्या

तुमचं वय चाळिशीला टेकलंय आणि घरात कुणीतरी पोरगं मोबाईल आडवा धरून बसलंय, म्हणजे "आमच्या वेळचे गेम" या विषयावर बोलायला तुम्ही आता पात्र झालात, अभिनंदन. परीक्षा नाही, फी नाही, फक्त थोडी पथ्यं आहेत.

सुरुवात कायम गेमची कॅसेट फुंकण्यापासून करायची. दोन्ही हात माऊथ ऑर्गनसारखे ओठांशी न्यायचे आणि फू करून दाखवायचं, लोक आपोआप थांबतात. आता हे गेम मुळात काढणारे जपानचे निन्टेंडोवालेच सांगून बसलेत की फुंकू नका, तोंडातल्या ओलीने पिना खराब होतात, आणि कॅसेट चालायची ती फुंकेने नाही तर काढून परत घातल्यावर नीट बसायची म्हणून. कुणी हे काढलंच तर सोलापुरात मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत तोंडात ओल कुठनं आणायची बे, असं विचारून विषय मिटवा.

कॅसेटवर ९९९९९९९ इन १ लिहिलेलं असायचं हे जरूर सांगा. आत मोजून थोडेसेच गेम आणि तेच नाव बदलून परत परत, हे नको. ती कॅसेट डुप्लिकेट, ती ज्यात घालायची तो टीव्हीला जोडायचा डबाही डुप्लिकेट, जपानला आपल्याकडून एक रुपया गेला नाही, हे तर अजिबातच नको, कारण पुढच्याच वाक्यात तुम्हाला म्हणायचंय की आजकालच्या गेम कंपन्या नुसत्या लुटतात.

इथे आवाज चढवायचा. बंदुकीला रंग लावायला पैसे? कपड्यांना पैसे? आमच्या वेळी नव्हतं असलं! खरंय, नव्हतंच. आमच्या वेळी गेम पार्लरमध्ये रुपयाचा कॉइन टाकून मुस्तफा खेळायचा (खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम कंपनीचा, १९९३ चा, पण हे नाव घेतलंत तर कुणी ओळख देणार नाही), आणि बॉसपाशी मेलात की स्क्रीनवर उलटे आकडे सुरू, आपण खिसे चाचपतोय, मागे उभा असलेला पोरगा कानात "टाक की बे, टाक" करतोय, आणि दळणाचे पैसे त्या मशीनमध्ये. दळणाचे! घरी येऊन सांगायचं गिरणीत लाईट नव्हती, आणि आईला ते पटायचं, कारण लाईट खरंच नसायची. पोरगं लवकर मेलं पाहिजे आणि परत कॉइन टाकलं पाहिजे, त्या मशीनचं पोटच त्याच्यावर होतं. पण तो खेळ होता आणि हा आत्ताचा धंदा आहे. फरक नीट पाठ करून ठेवा, पोरं विचारतात.

मग मेहनतीवर या. आत्ताच्या गेममध्ये मेलं की तिथनंच उठतात, आम्ही पहिल्यापासून, आणि तरी कॉन्ट्रा संपवला! एवढं बोलून थांबा. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, हे गाळा. ही बटणं या क्रमाने दाबली की तीस लाईफ मिळायच्या. हा कोड कॉन्ट्रा काढणाऱ्या कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो नावाच्या माणसाने काढला, तोही आधी १९८६ च्या ग्रॅडियस नावाच्या गेमसाठी, कारण टेस्ट करताना त्याचा त्यालाच गेम जमेना. बनवणाराच चीटिंग करत होता, आपण कुठले सज्जन. मी तर तीस लाईफ घेऊनही धबधब्याच्या स्टेजला मुद्दाम भराभर वर उड्या मारायचो, कारण स्क्रीन वर सरकली की खाली राहिलेला मित्र मरतो. याला आम्ही मैत्री म्हणायचो, ऑनलाईन पोरं शिव्या देतात ती विकृती.

शेवटी कलेवर बोला. मारिओतला ढग आणि झुडूप एकच चित्र आहे, एकाला पांढरा रंग एकाला हिरवा, कारण अख्खा गेम ४० केबीत कोंबायचा होता. ही प्रतिभा. आजच्या १०० जीबीच्या गेममध्ये दोन दगड सारखे दिसले की मात्र आळशी लेकाचे.

आणि सगळ्यात मोठं पथ्य, तो डबा माळ्यावरनं काढायचा नाही. मी काढला. दिवाळीला भाचा आला होता, म्हटलं दाखवू याला खरा गेम काय असतो. जुन्या चादरीत गुंडाळलेला निघाला, पिवळी वायर एलईडी टीव्हीला लावली आणि चक्क चालू झाला ओ! डोळे भरून आले. बदकाचा गेम लावला, बंदूक त्याच्या हातात दिली. आता त्या बंदुकीचं असंय, ट्रिगर दाबला की क्षणभर स्क्रीन काळी होते, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीतला डोळा तो उजेड बघतो. डब्बा टीव्हीवर हे वेळेत व्हायचं, एलईडी चित्र जरा उशिरा दाखवतो आणि बंदुकीला काही दिसतच नाही. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी नुसता "नीट नेम धर की बे" म्हणून ओरडत होतो. शेवटी भाच्याने नळी थेट काचेला टेकवली, अगदी मी टेकवायचो तशी. तरी बदक गेलं. गवतातनं ते कुत्रं वर आलं, तोंडावर हात ठेवून फिदीफिदी हसलं.

भाचा थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "मामा, याला रिपोर्ट कुठनं करायचं?"