रिपॉझिटरी उभी राहिली, आता तिला माणूस द्या

आपल्या भागातल्या कुठल्याही महाविद्यालयाची डिजिटल रिपॉझिटरी, म्हणजे प्रबंध आणि जुने ग्रंथ ठेवणारं ऑनलाइन भांडार, उघडा आणि लिंकमध्ये '123456789' हा आकडा दिसतो का ते बघा. दिसला, तर डीस्पेस हे रिपॉझिटरीचं मोफत सॉफ्टवेअर बसवताना हँडलचा नमुना क्रमांक होता तसाच राहिलाय असं समजा. हँडल म्हणजे दस्तऐवजाचा कायमचा पत्ता. स्वतःचा क्रमांक घ्यायला नोंदणी करावी लागते आणि वर्षाला 50 डॉलर भरावे लागतात. नोंदणी नसली की सर्व्हर बदलल्या दिवशी प्रबंधांच्या संदर्भसूचीतल्या त्या लिंका मेल्या. ही रक्कम कुठल्याही संस्थेला जड नाही. पण ती दरवर्षी आठवणीने भरणं हे कोणाचं काम, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

माझं म्हणणं सगळं याच मुद्द्यावर आहे. मराठवाड्यात रिपॉझिटरी उभारायला निधी मिळतो, चालवायला माणूस मिळत नाही. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटलं की स्कॅनर येतो, सर्व्हर येतो, उद्घाटन होतं. सॉफ्टवेअर मोफत म्हणून पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात देखभालीच्या रकान्यात शून्य पडतो.

डीस्पेस 2002 मध्ये एमआयटी आणि एचपी यांनी मिळून आणलं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राचं शोधगंगा हे पीएचडी प्रबंधांचं भांडार त्यावरच चालतं. डीस्पेस जिवंत आहे कारण जगभरातली विद्यापीठं आपल्या माणसांचा वेळ त्यात घालतात आणि सभासद संस्थांच्या वर्गणीतून थोडे पगारी लोक ठेवले जातात. आधी हा संसार ड्युरास्पेस नावाची संस्था सांभाळायची, 2019 मध्ये ती लायरासिस या संस्थेत सामील झाली. सामायिक विहिरीचं पाणी सगळ्यांनी न्यायचं आणि गाळ काढायच्या दिवशी कोणीच फिरकायचं नाही, असं चाललं तर विहीर बुजते. आपण आजवर पाणीच नेत आलोय.

याचा फटका कसा बसतो ते बघा. डीस्पेस 6 आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत जेएसपीयूआय नावाचा दर्शनी भाग होता. बाहेरच्या ठेकेदाराने त्याच्या फायलींतच हात घालून बोधचिन्ह बसवलं, मराठी मेनू केला, विभागांच्या याद्या टाकल्या. 2021 मध्ये डीस्पेस 7 आलं आणि तो दर्शनी भाग पूर्ण काढून टाकून अँग्युलर या वेगळ्या तंत्रावर नवा बांधला गेला. डेटाबेस एका कमांडने पुढे सरकतो, पण जुन्या दर्शनी भागातली एकही दुरुस्ती सोबत येत नाही. डेटाबेसमध्येच परस्पर तक्ते वाढवले असतील तर हे स्थलांतर मध्येच अडकू शकतं. वापराची आकडेवारी सोलर या शोधयंत्रणेतून वेगळी काढून पुन्हा भरावी लागते. 4 जीबी मेमरीच्या जुन्या मशीनवर नवा दर्शनी भाग तयार (बिल्ड) होतानाच दम तोडतो. मग "चाललंय ना, राहू द्या" म्हणत आवृत्ती 6 तशीच ठेवली जाते. तिचा आधार जुलै 2023 मध्ये संपला. त्यानंतर सापडलेली सुरक्षेची भोकं तुमच्या सर्व्हरवर उघडीच आहेत.

हीच दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवली असती तर पुढच्या आवृत्तीत ती सांभाळायला चार लोक असते. मराठीचंच घ्या. डीस्पेस 7 पासून प्रत्येक भाषेची एक स्वतंत्र फाइल असते. नव्या आवृत्तीत नव्या ओळी येतात, भाषांतर राहिलेल्या ओळींवर 'टूडू' अशी खूण पडते आणि तोवर पडद्यावर इंग्रजी दिसतं. दहा महाविद्यालयांनी दहा गुपचूप फायली ठेवण्याऐवजी एकच फाइल प्रकल्पात जाऊ द्या आणि दर आवृत्तीला दोघांनी बसून टूडू साफ करा. याला प्रोग्रामर लागत नाही, नीट मराठी लिहिणारा ग्रंथपाल पुरतो. आवृत्ती बाहेर पडण्याआधी टेस्टॅथॉन ही सामूहिक चाचणी होते, तिथे कोणीही चाचणी करू शकतं. 'दऱ्या' किंवा 'कुऱ्हाड' टाकून शोधा. 'ऱ' दोन तऱ्हांनी टाइप होतो, कधी मध्ये न दिसणारा जोडचिन्हाचा कोड बसतो, आणि डोळ्यांना सारखेच दिसणारे दोन शब्द शोधात वेगळे पडतात. हा दोष अमेरिकेतला प्रोग्रामर शोधणार नाही, तो आपणच, काय केल्यावर दिसतो त्या पायऱ्यांसकट, कळवायचा आहे.

जुन्या प्रबंधांचं दुखणं आणखी वेगळं. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते, पण कॉपी केली की रोमन अक्षरांचा कचरा येतो. शोधयंत्राला तोच कचरा दिसतो. अशा फायली पीडीएफ/ए या दीर्घ जपणुकीच्या प्रकारात बदलून भागत नाही. मजकूर युनिकोडमध्ये बदलावा लागतो, नाहीतर पानाचं चित्र करून टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मराठी मॉडेलने पुन्हा वाचून घ्यावं लागतं. मोडी कागदांना तेही चालत नाही. मोडी 2014 मध्ये युनिकोडमध्ये आली खरी, पण निजामकाळातली घसीट मोडी आणि उर्दू वाचायला अजून माणूसच लागतो. म्हणून तिथे वर्णनाच्या नोंदी हाच शोधाचा एकमेव आधार, आणि त्या घाईत भरू नयेत.

बॅकअपबद्दल कळकळीने सांगतो. डीस्पेस सगळ्या फायली असेटस्टोअर फोल्डरमध्ये ठेवतं, तिथे त्यांना नाव नसतं. लांबलचक आकडा असतो, त्याच्या पहिल्या सहा अंकांवरून एकात एक तीन फोल्डर बनतात, आणि शेवटी '.पीडीएफ' सुद्धा नसतं. कुठला आकडा कुठल्या प्रबंधाचा हे फक्त पोस्टग्रेसच्या डेटाबेसला माहीत. बिघाडात नुसता फोल्डर बचावला तर हाती हजारो बेनामी फायली उरतात, नुसता डेटाबेस बचावला तर नुसती नावं उरतात. दोन्हींचा बॅकअप एकाच रात्री घ्या. त्याखेरीज वर्षातून एकदा डीस्पेसची पॅकेजर कमांड वापरून एआयपी नावाची जपणुकीची गठडी काढा, त्यात फाइल आणि तिचं वर्णन एकत्र बांधलेलं असतं, डीस्पेस नसलं तरी उघडून वाचता येतं. फायली बिघडल्या नाहीत ना हे तपासणारी चेकर ही कमांड दर आठवड्याला लावा आणि तिचा अहवाल रोज उघडल्या जाणाऱ्या ईमेलवर जाऊ द्या. सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या पत्त्यावर जाणारे अहवाल कोणी वाचत नाही.

जागेचा हिशोबही आधी करा. ए4 पान 300 डीपीआयने रंगीत, न दाबलेल्या टिफ या चित्रफायलीत साधारण 26 एमबी होतं. 200 पानांचा एक ग्रंथ 5.2 जीबी. तीन प्रती म्हणजे साडेपंधरा जीबी, आणि त्यातली एक प्रत दुसऱ्या जिल्ह्यात हवी.

एकेका महाविद्यालयाला हे झेपणार नाही, आणि झेपवायचा हट्टही नको. नांदेड, लातूर, परभणी, बीड, कुठल्याही जिल्ह्यातल्या आठ-दहा महाविद्यालयांनी एकच डीस्पेस चालवावं, प्रत्येकाची आत स्वतंत्र कम्युनिटी, म्हणजे स्वतःचा विभाग, ठेवावी. वर्गणीतून दोन पगारी पदं निर्माण करावीत: एक सर्व्हर बघणारं, एक वर्णनाच्या नोंदी आणि भाषांतर बघणारं. दोन यासाठी की एकाने नोकरी सोडली तरी दुसऱ्याला पासवर्ड आणि रीत माहीत असावी. त्यांच्या कामाच्या वेळेतला दर आठवड्याचा अर्धा दिवस मूळ प्रकल्पासाठी, असं नेमणूकपत्रातच लिहा. तोंडी ठरलेला वेळ परीक्षांच्या हंगामात पहिला कापला जातो.

येत्या व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ग्रंथपालांनी चार गोष्टी लेखी मागाव्यात: हँडलचं शुल्क, देखभालीचा स्वतंत्र लेखाशीर्ष, शेजारच्या महाविद्यालयांशी सामंजस्य करार, आणि दर जूनमध्ये रिकाम्या मशीनवर बॅकअप उतरवून बघायची परवानगी. चौथ्यासाठी पैसेही लागत नाहीत, एक जुना संगणक आणि दोन दिवस पुरतात. कोणाला कराराचा मसुदा लिहायचा असेल तर कमेंटमध्ये सांगा, मिळून लिहू.