दहा नंबरच्या लेण्यातली किल्ली

आज सकाळी नाशिकच्या पांडवलेण्यावर, दहा नंबरच्या ओसरीत, एक पोरगा खांबाच्या तळाशी कोरलेल्या घटावर किल्लीने स्वतःचं नाव कोरत होता. वडील समोर उभे राहून त्याचं शूटिंग करत होते! तो खर्रखर्र आवाज अजून कानातून जात नाही.

त्या पोराच्या मागे, छताखाली, भिंतभर लेख आहे. नहपान क्षत्रप, म्हणजे इथला जुना शक राजा, त्याचा जावई उषवदात याचा. त्याच ओसरीत वर्ष ४२ चा दुसरा लेख आहे, तो नाशिकच्या प्रत्येक पतपेढीत लावावा असा. उषवदाताने ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, जवळच्या गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन श्रेण्यांकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे ठेवले. २००० दरमहा शेकडा एकने, १००० शेकडा पाऊणने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. आता हिशोब करा. २००० चं महिन्याला २०, वर्षाला २४०. वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला राहिलेल्या २० भिक्षूंना चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२. बरोब्बर २४०! उरलेल्या हजाराचे वर्षाला ९०, ते बाकीच्या खर्चाला. निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत ऐकवून, नोंद करून, मग हे दगडात उतरवलं. आणि आपण तिथे किल्ली चालवतो.

हे लेख ज्या जुन्या लिपीत आहेत ती ब्राह्मी कुणाला येते, असं म्हणाल. मान्य. तिथल्या पाट्यांवरूनही फार काही कळत नाही, तेही मान्य. म्हणून खांब ओरबाडायचा?

खडू घासून अक्षरं उठवणारेही तेवढेच दोषी. पाणी मारणारेही. अक्षरं उथळ आहेत, घासली की कडा जातात. ब्राह्मी 'क' म्हणजे जवळपास अधिकचं चिन्ह. त्याची आडवी रेघ झिजली की उरते उभी काडी, आणि उभी काडी म्हणजे 'र'. एका हाताच्या घासण्याने शब्द बदलतो, हो!

वाचायचंच असेल तर सोपं आहे. चांगली बॅटरी न्या, मोबाईलचा उजेड इतक्या उंचावर पुरत नाही. समोरून मारू नका, सगळं सपाट दिसतं. ओसरीच्या एका टोकाला उभे राहा आणि झोत भिंतीला घासून जाईल असा तिरका मारा. खाचांत सावली बसते, अक्षरं आपोआप वर येतात. डावीकडून सुरुवात करा, पहिला शब्द 'सिद्धं'. पोरांना एवढा एक शब्द दाखवलात तरी ती अर्धा तास हलत नाहीत.

मग तीन नंबरला या. सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख तिथेच, नातू राजा पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षाचा. ओसरीखाली सहा यक्ष अख्खं लेणं पालखीसारखं खांद्यावर घेऊन उभे आहेत. त्यासाठी अंगणात चार पावलं मागे सरका, ओसरीत उभं राहून ते दिसतच नाहीत.

आणि तो घट. त्यावर त्या पोराची दोनच अक्षरं झाली होती, तेवढ्यात कुणीतरी ओरडलं. काळ्या दगडावर ती पांढुरकी दिसतात. ती पुसता येणार नाहीत, कारण ती घालवायची तर घटच घासावा लागेल.