लिबटीमक्स फक्त टाइप करतं

नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या ग्रुपांवर आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय: ‘सबप्रोसेस सोडा, लिबटीमक्स घ्या. पायथनमधून कमांड पाठवा, आउटपुट परत घ्या. सेशनला नाव दिलं की तेच सापडतं. पासवर्ड हिस्ट्रीत जात नाही. सुरू केलेलं सेशन कधीच मरत नाही.’ टीमक्स म्हणजे एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनल उघडणारा आणि ती मागे चालू ठेवणारा प्रोग्राम. त्याच्या सेशनमध्ये विंडो असतात आणि विंडोमध्ये पेन, म्हणजे एकेक टर्मिनल. लिबटीमक्स ही तो पायथनमधून चालवणारी लायब्ररी, आणि सबप्रोसेस हे दुसरे प्रोग्राम चालवणारं पायथनचं स्वतःचं मॉड्यूल. लायब्ररी चांगली आहे, मेसेज नाही.

‘कमांड पाठवा, आउटपुट परत घ्या.’ सगळा घोळ इथूनच सुरू होतो. लिबटीमक्स दर वेळी टीमक्सचाच प्रोग्राम चालवतं. त्यातलं सेंड-कीज पेनमध्ये अक्षरं टाइप करून एंटर दाबतं आणि लगेच परत येतं. कमांड चालली का, संपली का, फसली का, यातलं काहीच त्याला कळत नाही. पुढच्याच ओळीत कॅप्चर-पेन केलं, म्हणजे पेनमधला मजकूर वाचला, तर हाती बहुधा रिकामा प्रॉम्प्ट किंवा तुम्हीच टाइप केलेली ओळ येते.

यावर लोक दोन सेकंदांचा स्लीप, म्हणजे नुसता थांबा, घालतात. लासलगाव, पिंपळगावचे कांद्याचे भाव खेचणारी स्क्रिप्ट एरवी दीड सेकंदात संपत असेल, पण नेट मंद असलं की तिला दहा सेकंद लागतात आणि अर्धवट यादी पुढे जाते. काही जण शेवटी ‘एको झालं’ पाठवून स्क्रीनवर ‘झालं’ दिसायची वाट बघतात. तो शब्द टाइप केलेल्या कमांडमध्येच असतो, त्यामुळे काम सुरू होण्याआधीच तो ‘सापडतो’. हीच पद्धत हवी असेल तर शब्दाच्या मधोमध रिकामी अवतरणचिन्हं घाला: टाइप होताना तो तुटलेला दिसतो, छापून येतो तो जोडलेला.

खरा उपाय टीमक्समध्येच आहे. कमांडनंतर अर्धविराम देऊन एक्झिट कोड (कमांड जमली की फसली हे सांगणारा आकडा) फाइलीत लिहा, पुन्हा अर्धविराम देऊन वेट-फॉर या कमांडने एका चॅनलवर खूण द्या. पायथनच्या बाजूला त्याच चॅनलवर वेट-फॉर लावून थांबा. खूण आधी आली तरी ती हरवत नाही. मात्र अर्धविरामाऐवजी दोन अँपरसँड (&&) टाकलेत, तर कमांड फसल्यावर खूण कधीच येणार नाही आणि स्क्रिप्ट लटकेल. वेट-फॉरला स्वतःची मुदत नसते. ती सबप्रोसेसच्या टाइमआउटने घाला. हो, मेसेज सोडायला सांगतो त्याच सबप्रोसेसच्या.

आउटपुटचंही तसंच. कॅप्चर-पेन आपणहून फक्त दिसणारी स्क्रीन देतं. कुणी न जोडलेल्या सेशनचा मूळ आकार ८० बाय २४ असतो. म्हणजे तीनशे ओळींच्या यादीतून शेवटच्या वीस-बावीस मिळणार आणि लांब ओळी ८०व्या अक्षरावर तुटणार. सेशन बनवतानाच रुंदी वाढवा, कॅप्चर करताना सुरुवात म्हणून उणे चिन्ह द्या, म्हणजे साठलेला सगळा इतिहास येतो. तोही मुळात २००० ओळींपुरताच. ही मर्यादा, म्हणजे हिस्ट्री-लिमिट, वाढवायची तर पेन उघडण्याआधी, उघडलेल्या पेनला ती लागू होत नाही. एकही ओळ गमवायची नसेल तर पाइप-पेनने थेट फाइलीत लिहा.

‘नाव दिलं की तेच सापडतं.’ टीमक्स आधी नेमकं नाव शोधतं, नाही मिळालं तर सुरुवात जुळणारं घेतं. समजा ‘नाशिक’ आणि ‘नाशिकरोड’ अशी दोन सेशन आहेत. पहिलं आधीच बंद पडलंय आणि तुमची स्क्रिप्ट ‘नाशिक’ला किल-सेशन पाठवते. मरतं ते नाशिकरोड! नावाआधी बरोबरचं चिन्ह (=) लावलं की फक्त नेमकं नाव चालतं. त्याहून बरं म्हणजे सेशन बनवताना मिळालेला ऑब्जेक्टच जपून ठेवा. त्यामागे डॉलर चिन्हाने सुरू होणारा आयडी असतो. विंडोचा @ ने, पेनचा % ने. सर्व्हर चालू आहे तोवर हे आयडी बदलत नाहीत. विंडोचा क्रमांक मात्र बदलू शकतो. नावात टिंब आणि विसर्गचिन्हासारखं कोलन चालत नाही, त्यामुळे आयपी पत्ता सेशनचं नाव म्हणून देऊ नका.

पासवर्डबद्दलचा दावा सरळ धोकादायक आहे. लिबटीमक्समधला हिस्ट्री टाळण्याचा पर्याय कमांडआधी फक्त एक स्पेस टाकतो. हिस्ट्री म्हणजे शेलने, कमांडी वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामने, ठेवलेली जुन्या कमांडींची यादी. स्पेसने सुरू होणाऱ्या ओळी गाळायच्या असं शेलला सांगितलेलं असेल, तरच त्याचा उपयोग. शिवाय कमांडमध्ये लिहिलेला पासवर्ड पेनच्या स्क्रोलबॅकमध्ये, म्हणजे वर सरकलेल्या जुन्या ओळींत, राहतो, आणि सेंड-कीज चालत असताना पीएस या कमांडच्या चालू प्रोसेसच्या यादीत इतरांना क्षणभर दिसू शकतो. तो फक्त मालकाला वाचता येईल अशा फाइलीत ठेवा.

‘कधीच मरत नाही’ हे एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनशी असलेलं कनेक्शन, तुटण्यापुरतं खरं. अंबडमध्ये लाईट गेली, यूपीएस संपला, मशीन रीबूट झालं, की टीमक्स सर्व्हर गेला आणि त्याच्यासोबत सगळी सेशन. टीमक्सपी या जोडीच्या टूलची फाइल विंडो-पेनची मांडणी परत उभी करते, चालू असलेली कामं नाही. काही मशीनवर तर लॉगआउट होताच सिस्टमडी, म्हणजे लिनक्समधल्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम, त्या लॉगिनमधल्या सगळ्या प्रोसेस मारतं. तिथे त्या युजरसाठी लिंगर (लॉगआउटनंतरही त्याच्या सेवा चालू ठेवणारी सोय) चालू करून टीमक्स सिस्टमडी-रनने लॉगिनच्या बाहेर सुरू करावं लागतं.

राहता राहिलं ‘सबप्रोसेस सोडा’. भाव खेचणं, बॅकअप, रिपोर्ट अशा मुकाट चालणाऱ्या कामांना सबप्रोसेसच हवं. तिथे आउटपुट आणि एक्झिट कोड आयता हातात येतो. रोज ठरल्या वेळी चालवायचं तर सिस्टमडीचा टायमर लावा. लिबटीमक्स घ्यायचं ते समोर खरा टर्मिनल लागतो तेव्हा: मशीनचा सिरियल कन्सोल, डीबगर, राउटरचा प्रॉम्प्ट, किंवा मध्येच माणसाला जोडून बघायचं असेल तेव्हा. घेतलंत तर व्हर्जन पक्की बांधून ठेवा. त्यातली नावं बदलत आली आहेत, अटॅच्ड-पेनचं अ‍ॅक्टिव्ह-पेन झालं तसं. आणि स्क्रिप्ट सुडोने, म्हणजे रूट या मुख्य युजरच्या अधिकाराने, चालवल्यावर ‘सर्व्हर चालू नाही’ असं आलं तर घाबरू नका. टीमक्स सर्व्हरशी जोडणारं सॉकेट प्रत्येक युजरचं वेगळं असतं आणि रूट स्वतःचं शोधत असतो. ज्या युजरने सेशन उघडलं, त्याच्याच नावाने स्क्रिप्ट चालवा.