शिंजिराच्या घरट्याखाली मधाची वाटी ठेवू नका

'हमिंगबर्डला पाय नसतात, तो कधी बसत नाही. रोज रात्री मरतो, सकाळी पुन्हा जिवंत होतो. पिल्लं दिसली तर मधाच्या पाण्यात लाल रंग घालून जवळ ठेवा.' हा मेसेज सोबतच्या व्हिडिओसह सगळीकडे फिरतोय. तो वाचून माझ्या भाचीने गॅलरीतल्या घरट्याखाली वाटी ठेवली, तेव्हा मात्र राहवेना.

व्हिडिओतला पक्षी हमिंगबर्ड नाहीच, तो शिंजीर आहे, म्हणजे सूर्यपक्षी. हमिंगबर्ड रानात फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत आढळतात आणि त्यांचं जवळचं नातं पाकोळ्यांशी. शिंजीर पडतो चिमणीच्या गणात. दोघांचीही चोच फुलातला रस प्यायला घडली, एवढंच साम्य.

आता मध. पाण्यात कालवलेला मध लगेच आंबतो, त्यात बुरशी धरते. उघड्या वाटीत पिसं चिकटतात. रंगाची गरजच काय, फुलातला रस बहुधा बिनरंगीच असतो! आणि पिल्लं नुसत्या रसावर वाढतच नाहीत. पिसं फुटायला प्रथिनं लागतात, ती रसात जवळपास नसतात. म्हणून शिंजीर पिल्लांना किडे आणि कोळी भरवतो. ते घरटं जरा निरखून बघा: लोंबती पिशवी, बाजूला दार, दारावर इवलासा छज्जा, आणि काड्या-सालींचा सगळा पसारा बांधून धरलेला कोळ्याच्या जाळ्याने. आपण औषध मारून कोळी घालवतो आणि वर मध ठेवतो.

'रात्री मरतो' यात अर्धं तथ्य आहे, तेवढं कबूल करतो. थंड रात्री शक्ती वाचवायला बरेच हमिंगबर्ड अंग गार पडू देतात. पेरूमधल्या अँडीज पर्वतात मोजमापं घेऊन २०२० साली 'बायॉलॉजी लेटर्स'मध्ये छापलेल्या अभ्यासात एका पक्ष्याचं तापमान ३.२६ अंश सेल्सियसपर्यंत उतरलेलं नोंदलंय. पण हृदय मंद का होईना, चालूच असतं, आणि पहाटे स्नायू थरथरवून पक्षी स्वतःच तापतो. याला मरण म्हणत नाहीत.

पाय नसतात हे साफ खोटं. हमिंगबर्डला चालता येत नाही, पण दिवसाचा बराच वेळ तो फांदीवर बसूनच असतो.

भाचीची वाटी सकाळी पाहिली तर काठावर मुंग्यांची रांग, तिचं दुसरं टोक वेलीवरून घरट्याकडे निघालेलं. वाटी उचलली, वेल पुसून काढली. अर्ध्या तासाने मादी आली, चोचीत कोळी होता.