पंख्याचा वेग कमी केला म्हणून कॉम्प्युटर जळत नाही

“पंख्याचा आवाज हीच थंडाव्याची किंमत. वेग कमी केलात तर कॉम्प्युटर जळेल. आवाज नकोच असेल तर कॅबिनेटचं झाकण काढून ठेवा आणि पंख्यात खोबरेल तेलाचा थेंब सोडा.” हा सल्ला व्हॉट्सअॅपवर फिरतोय, आणि लोक तो ऐकून चांगली मशीनं खराब करतायत.

आधी किंमतीचं बघू. वेग 20 टक्क्यांनी उतरवला की वाराही साधारण 20 टक्क्यांनीच घटतो. समजा खोलीत 32 अंश आहे आणि कॅबिनेटमधून 40 अंशांची हवा बाहेर पडतेय. हा 8 अंशांचा फरक 10 होतो, म्हणजे हवा 42 वर जाते. तेवढ्याच बदलात आवाज मात्र सुमारे 5 डेसिबलने उतरतो. वेग निम्मा केला तर जवळपास 15 डेसिबलने. पण मग फरक 16 अंशांवर जातो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ते परवडत नाही. किंचाळणाऱ्या 80 मिलिमीटरच्या पंख्याऐवजी 120 मिलिमीटरचा संथ पंखा तेवढीच हवा हलवतो, तोही पुष्कळ कमी आवाजात. जागा असेल तर हाच सगळ्यात चांगला उपाय.

चार पिनांच्या (म्हणजे चार तारांच्या जोडणीच्या) पंख्याचा वेग बायोसमधूनच, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमधूनच ठरवता येतो. तीन पिनांच्या पंख्याचं व्होल्टेज उतरवावं लागतं, आणि ते फार उतरवलं तर फिरता पंखा फिरत राहतो, पण थांबलेला पुन्हा सुरूच होत नाही. म्हणून मशीन बंद करून, परत चालू करून बघाच.

झाकण काढण्याबद्दल: हवेची वाट कोंडलेल्या कॅबिनेटमध्ये याने प्रोसेसर थोडा थंड होतो, हे खरं. पण पुढून आत, मागून बाहेर हा प्रवाह मोडला की हार्डडिस्कवरून वाहणारी हवा कमी होऊ शकते. धूळ वाढते, आणि आवाज तर थेट कानावर येतो. त्यापेक्षा जाळ्या ब्रशने साफ करा, कॅबिनेटची पाठ भिंतीपासून वीतभर लांब ठेवा.

खोबरेल तर नकोच. ते 24 अंशांच्या आसपास थिजतं. साध्या बुशिंगच्या, म्हणजे बॉल-बेअरिंगऐवजी नुसत्या नळीत दांडा फिरणाऱ्या पंख्याला शिलाई मशीनचं तेल काही दिवस तारतं. बेअरिंग झिजलं असेल तर पंखाच बदला.

शेवटी मशीनवर तासभर जड काम टाकून तापमान बघा. फार तापलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. मदरबोर्डवरच्या (मुख्य सर्किट-पाटीवरच्या) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या डबीसारख्या भागाला, तशी सोय नाही: ढोबळमानाने दर 10 अंशांच्या वाढीला त्याचं आयुष्य निम्मं होतं. त्यामुळे वेग कुठवर उतरवायचा, हे त्याच्याकडे बघून ठरवा.