‘धरून ठेवा’ म्हणणाऱ्यांना

लातूरच्या एका दवाखान्यात मागच्या आठवड्यात कालवा झाला. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असलेल्या लहान मुलाला कंपाउंडरनं नंबर मोडून आधी आत सोडलं, तर बाहेर बसलेली माणसं त्याच्या आईवरच तुटून पडली. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच विषय चालला. ‘आम्ही काय सकाळपासून उगाच बसलोत का?’ ‘आईबापच लाडावून ठेवतात.’ आणि माझा सख्खा भाऊ म्हणाला, ‘दोघांनी हातपाय धरायचे, सुई टोचायची, मिटलं.’

मिटत नाही, दादा. माझा लेकही ऑटिस्टिक आहे, म्हणून सांगते. असं लेकरू सुई एक वेळ विसरेल, आपल्याला दाबून धरलं होतं हे विसरत नाही. पुढच्या वेळी ते दवाखान्याच्या पायरीवरच आडवं पडतं. मग आईबाप न्यायचंच टाळतात. दाढ किडत राहते, कान वाहत राहतो, आणि ज्याला बोलता येत नाही ते काय दुखतंय हे सांगणार कसं?

इथं इंग्लंडात, लेस्टरला, माझ्या लेकाचं रक्त काढायचं होतं. आठवडाभर आधी खोलीचे, खुर्चीचे, नर्सच्या निळ्या कपड्यांचे फोटो आले. रोज रात्री आम्ही ते क्रमानं बघायचो. त्या दिवशी घरूनच दोन्ही कोपरांच्या आत सुन्न करणारी क्रीम लावून, वर पट्टी चिकटवून निघालो, कारण तिला असर करायला तासभर लागतो. वेळ सकाळची पहिली. गर्दीत ताटकळायला नको म्हणून फोन येईपर्यंत गाडीतच बसलो. प्ले स्पेशालिस्टनं, म्हणजे खेळातून लेकरांची भीती घालवणाऱ्या दवाखान्यातल्या बाईनं, रबरी पट्टा आधी त्याच्या हातात दिला, मग खेळण्यातल्या अस्वलाच्या दंडाला बांधला, मग विचारलं, ‘आता तुझा कुठला हात?’ त्यानं डावा पुढं केला. कानावरचे हेडफोन काढायला कुणी सांगितलं नाही. त्याच्या हॉस्पिटल पासपोर्टवर, म्हणजे त्याच्याशी कसं वागायचं ते दवाखान्याला सांगणाऱ्या कागदावर, लिहिलेलंच आहे: मागून हात लावू नका, ‘झालं’ म्हणाल तर खरंच झालेलं असू द्या.

‘तिकडं पैसा आहे, तिकडं चालतात असले चोचले,’ असं ग्रुपवर लगेच आलं. यात पैसा कुठं लागला? फोटो मोबाइलवर निघतात. क्रीम आपल्याकडंही मिळते, डॉक्टरांना विचारून लावायची. दवाखान्यासमोर लिंबाखाली रिक्षात बसलेल्या आईला कंपाउंडरनं एक मिसकॉल द्यायचा, बास. निदानासाठी इथं वर्षानुवर्षं ताटकळावं लागतं, तेही मी भोगलंय. पण दारात आलेल्या लेकराशी कसं वागायचं, हे इथल्या माणसांना कळतं.

आणि आधी आत घेणं म्हणजे मेहरबानी नव्हे. आपल्याच देशाचा 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, आणि कलम 25 मध्ये तपासणीत, उपचारात प्राधान्य द्या असं स्पष्ट म्हटलंय. त्या कंपाउंडरनं कायदा वाचला असेल-नसेल, पण त्या दिवशी सगळ्या रांगेत शहाणा तो एकटाच होता.

परदेशात बसून शिकवते, असं वहिनी म्हणाल्या. मला ते लागलं. इथं माझ्या लेकाकडं कुणी टक लावून बघत नाही हे खरं, पण त्याला मांडीवर घेणारंही कुणी नाही. आमच्या गल्लीतला मेडिकलवाला व्हिडिओ कॉलवर त्याला नावानं हाक मारतो. इथं शेजारच्यांना त्याचं नाव माहीत नाही. त्याला ओळखणारी माणसं तिकडं आहेत आणि त्याला न घाबरवणारा दवाखाना इकडं. एवढी भांडते ते लातूर माझं आहे म्हणून. परक्या गावासाठी कोण कशाला रात्र जागून मेसेज लिहील?

आई दर रविवारी विचारते, दिवाळीला येता का. तिथं असताना त्याची दाढ दुखली तर कुणाकडं न्यायचं, हे ठरल्याशिवाय माझ्या तोंडून हो निघत नाही.