‘फिक्स’, ‘फिक्स २’, ‘आता नक्की फिक्स’

पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा कोड मुख्य कोडमध्ये घ्या’ हा अर्ज, तपासायला उघडावी आणि कमिटांची (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधल्या, संदेशासह केलेल्या नोंदींची) यादी पाहून पोटात गोळा यावा, हे माझ्या कपाळी लिहिलेलंच आहे. बदल ४० ओळींचा, कमिट २३. ‘लॉगिनचं काम’, मग ‘फिक्स’, ‘टायपो’, ‘फिक्स २’, ‘आता नक्की फिक्स’ आणि अधूनमधून पाच वेळा मेन ब्रँच (सगळ्यांची मुख्य शाखा) आत ओढलेली. कोड बरोबर असतो, चाचण्या हिरव्या असतात, आणि ‘मग करा की मर्ज!’ असा तगादा सुरू होतो.

करतो की! मग वर्षभराने कुणीतरी एखाद्या विचित्र ओळीवर ब्लेम (ओळ कोणत्या कमिटमधून आली ते सांगणारी आज्ञा) चालवील, ‘ही ओळ इथे का?’ असं कळवळून विचारील, आणि गिट शांतपणे सांगेल: ‘टायपो’. बायसेक्टचंही (बिघाड आणणारा कमिट शोधणाऱ्या आज्ञेचंही) तेच. दर वेळी निम्मी यादी बाद होत असल्याने हजार कमिटांतून दोषी कमिट दहाएक पायऱ्यांत सापडतो. पण त्यासाठी प्रत्येक कमिट बिल्ड व्हायला (त्यातून चालता प्रोग्रॅम बनायला) हवा. ‘अर्धवट, उद्या बघू’ असे कमिट ओळीने आले की ‘स्किप’, ‘स्किप’ म्हणत बसायचं आणि शेवटी गिट हात वर करतं: दोष यांपैकी कुणातही असू शकेल.

यावर हमखास उपाय म्हणजे स्क्वॅशचं, सगळे कमिट दाबून एकच करण्याचं, बटण. छोट्या बदलाला ते उत्तम, मीही दाबतो. पण ज्या ब्रँचमध्ये फाइलींची नावं बदलली, सगळीकडे फॉरमॅटर (कोडची मांडणी एकसारखी करणारं साधन) फिरवला आणि जाता जाता एक अट उलटी केली, ती एकत्र दाबली की ती अट दोन हजार ओळींच्या ढिगाऱ्याखाली गाडली जाते. तिथे तीन कमिटच हवेत.

कृती अवघड नाही. ‘गिट फेच’ने सर्व्हरवरचं ताजं आणा, मग ‘गिट रिबेस -आय ओरिजिन/मेन’ने आपले कमिट ताज्या मेनवर नव्याने रचा. मेन आत ओढल्याचे मर्ज कमिट इथे आपोआप गळतात, निम्मं पाप तिथेच फिटतं. उघडलेल्या यादीत जुना कमिट वर, नवा खाली. लॉगच्या (कमिटांच्या नेहमीच्या यादीच्या) नेमकं उलटं, म्हणून दोनदा बघा. ‘टायपो’ची ओळ उचलून मूळ कमिटच्या खाली ठेवा आणि ‘पिक’च्या (तसाच ठेव) जागी ‘फिक्सअप’ (वरच्यात मिसळ) लिहा. ‘स्क्वॅश’ लिहिलंत तर तो संदेशही जपून ठेवतो. ‘टायपो’ जपायचा आहे कुणाला? संदेश सुधारायला ‘रीवर्ड’. विषयाची ओळ ५० अक्षरांच्या आसपास, मग एक ओळ रिकामी, खाली कारण. काय बदललं ते डिफमध्ये (जुन्या-नव्या ओळींच्या फरकात) दिसतंच, का बदललं ते लिहा. शेवटी ‘--एक्झेक’ला चाचणीची आज्ञा दिली तर ती प्रत्येक कमिटवर चालते.

कॉन्फ्लिक्ट आला (तीच ओळ मेनमध्येही बदललेली निघाली) तर मात्र सावध. रिबेसमध्ये ‘अवर्स’ म्हणजे मेन आणि ‘देअर्स’ म्हणजे तुमचं स्वतःचं. घाईत ‘आपलं तेच खरं’ म्हणून ‘अवर्स’ निवडणारे आपलंच काम स्वहस्ते पुसतात.

आणि आता खरी गंमत. प्रत्येक कमिटचा हॅश (त्याची ओळखखूण) काढताना त्याच्या पालकाचा, म्हणजे आधीच्या कमिटचा, हॅशही धरला जातो, म्हणून जुना एक हलला की त्यानंतरचे सगळे नवे. साहजिकच साधा पुश (कमिट सर्व्हरवर ढकलणं) नाकारला जातो. गिट सुचवतं, आधी पुल करून (सर्व्हरवरचं आणून आपल्यात मिसळून) बघा. भला माणूस करतो! जुने २३, नवे ३ आणि दोघांना जोडणारा एक मर्ज: २७ कमिट घेऊन तो हसतमुखाने पुन्हा माझ्या दारात. इथे हवा असतो ‘--फोर्स-विथ-लीज’. मधल्या काळात दुसऱ्या कुणी त्या ब्रँचवर काही ढकललं असेल तर तो थांबतो. नुसता ‘--फोर्स’ विचारत नाही. (एडिटर पाठीमागे परस्पर फेच करत असेल तर हे कुंपणही कुचकामी.) अर्थात हे सगळं आपल्या ब्रँचवर. मेनवर फोर्स-पुश करणाऱ्याशी मी बोलत नाही.

रिबेस फसला तरी जुने कमिट लगेच मरत नाहीत. ‘गिट रेफलॉग’मध्ये (ब्रँच कुठून कुठे हलली त्याच्या नोंदवहीत) ते दिसतात, अशा अनाथ नोंदी मूळ सेटिंगनुसार ३० दिवस टिकतात. ‘गिट रीसेट --हार्ड’ला त्यातला हॅश दिला की ब्रँच पूर्वपदावर. (न कमिटलेले बदल मात्र यात जातात, ते आधी स्टॅश करा, म्हणजे बाजूला ठेवा.) रेफलॉग फक्त तुमच्या त्या क्लोनमध्ये (तुमच्या संगणकावरच्या प्रतीत) असतो, आणि घाबरलेला माणूस सगळ्यात आधी काय करतो, तर फोल्डर उडवून ताजा क्लोन घेतो.